विषाणू पोटात एकटा नसतो

२०२२ साली लंडन आणि न्यूयॉर्कच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. बातमी वाचून अनेकांना पहिला प्रश्न पडला तो हा, की हातपाय लुळे पाडणाऱ्या रोगाचा विषाणू गटारात काय करत होता? खरं तर तो तिथेच सापडायला हवा. पोलिओचा विषाणू मूळचा आतड्यातला. तोंडावाटे आत जातो, आतड्यात वाढतो, विष्ठेवाटे बाहेर पडतो. मज्जारज्जूपर्यंत पोचून लुळेपणा आणणं हे शेकडो संसर्गांमागे एखाद्या वेळीच घडतं. बाकी त्याचा सगळा मुक्काम पोटात.

आणि पोट कधीच रिकामं नसतं. तिथे जिवाणूंची एवढी दाटी असते, की आतड्याच्या पेशीपर्यंत पोचायचं तर विषाणूला त्या गर्दीतूनच वाट काढावी लागते. तरीही कित्येक दशकं या विषाणूंचा अभ्यास झाला तो काचेच्या भांड्यात. एकीकडे विषाणू, दुसरीकडे पेशी, मधे कोणीच नाही. भांडं निर्जंतुक ठेवणं ही प्रयोगशाळेची पहिली शिस्त, आणि त्या शिस्तीपायीच या गोष्टीतलं एक मोठं पात्र नजरेआड राहिलं. गेल्या काही वर्षांत ते पुढे आलं, तेव्हा आजार, लस आणि औषध या तिन्हींबद्दलच्या आपल्या समजुतींना धक्का बसला. तो धक्का नेमका काय आहे, ते इथे सांगायचं आहे.

आधी कोण कोण आहे ते पाहू

जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया. एका पेशीचा, पण स्वतःपुरता पूर्ण जीव. खातो, वाढतो, दोनाचे चार होतो. विषाणू म्हणजे व्हायरस. त्याच्याकडे जनुकांची एक गुंडाळी आणि तिच्याभोवती प्रथिनांचं कवच एवढंच असतं. स्वतःच्या बळावर तो काहीच करू शकत नाही. कोणाच्या तरी पेशीत शिरून तिथली यंत्रणा ताब्यात घेतली, तरच त्याच्या प्रती तयार होतात.

आकारातला फरक डोळ्यांसमोर आणायचा तर असं समजा, की पोलिओचा विषाणू टेनिसच्या चेंडूएवढा आहे. त्या मापाने आतड्यातला नेहमीचा ई. कोलाय जिवाणू मोटारगाडीएवढा होईल, आणि आतड्याच्या आतल्या अस्तरातली एक पेशी पंधरा मजली इमारतीएवढी उंच. हे चित्र लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

संख्येचं म्हणाल, तर २०१६ साली झालेल्या एका काळजीपूर्वक हिशेबानुसार माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी. हे जिवाणू बहुतांश मोठ्या आतड्यात राहतात. तिथे विषाणूही अब्जावधी असतात. मात्र त्यांचे दोन अगदी वेगळे गट आहेत. एक गट आपल्या पेशींवर हल्ला करतो. पोलिओ, रोटाव्हायरस, नोरोव्हायरस हे त्यातले. दुसरा गट आपल्याकडे ढुंकूनही पाहत नाही, तो फक्त जिवाणूंमध्ये शिरतो. त्याला बॅक्टेरिओफेज म्हणतात. आपण नुसतं फेज म्हणू. निरोगी माणसाच्या आतड्यातले बहुसंख्य विषाणू या दुसऱ्या गटातले असतात.

पहिल्या गटाचं जिवाणूंशी नातं एका तऱ्हेचं, दुसऱ्याचं अगदी निराळ्या तऱ्हेचं. पहिल्यापासून सुरुवात करू.

जिवाणू काढून घेतले आणि पोलिओ मंदावला

२०११ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ज्युली फायफर यांच्या प्रयोगशाळेने एक साधा वाटणारा प्रयोग केला. उंदराला एरवी पोलिओ होत नाही, म्हणून पोलिओला बळी पडतील असे खास उंदीर वापरले होते. त्यातल्या काहींना आधी अँटिबायोटिक औषधं देऊन त्यांच्या आतड्यातले जिवाणू जवळपास नाहीसे केले. मग सगळ्यांना तोंडावाटे पोलिओचा विषाणू दिला.

आपला सर्वसाधारण अंदाज काय असेल? पोटातले जिवाणू आपले रक्षक. ते गेले की विषाणूचं फावणार. झालं उलटं. जिवाणू नसलेल्या उंदरांत विषाणू नीट वाढला नाही आणि मरणाऱ्यांचं प्रमाण कमी राहिलं. त्याच उंदरांच्या पोटात पुन्हा जिवाणू सोडले, तर पोलिओही पुन्हा जोर धरू लागला.

अँटिबायोटिक थेट विषाणूला मारत असतील, अशी शंका इथे कोणालाही येईल. ती खरी नाही. ही औषधं जिवाणूंच्या भिंतीवर, त्यांच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर घाव घालतात, आणि विषाणूकडे यातलं काहीच नसतं. त्याच प्रयोगशाळेने भांड्यातही पडताळून पाहिलं. विषाणू नुसत्या खारट द्रावणात शरीराच्या तापमानाला ठेवला, तर हळूहळू निकामी होत जातो. जिवाणूंसोबत ठेवला, तर टिकतो. त्यासाठी जिवाणू जिवंत असण्याचीही गरज नव्हती. त्यांच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या असतात, तेवढ्याच भांड्यात टाकल्या तरी पुरत होत्या.

साखळीला धरून ठेवण्याचा फायदा

टेनिसचा चेंडू आणि मोटारगाडी आठवा. त्या गाडीच्या पत्र्यावर सगळीकडून लोकरीसारखे धागे बाहेर आलेले आहेत असं समजा. या साखरेच्या साखळ्या. पोलिओचा विषाणू त्यांना चिकटतो. एका गाडीवर असे कितीतरी चेंडू बसू शकतात.

यातून विषाणूच्या पदरात तीन गोष्टी पडतात. पहिली म्हणजे त्याचं कवच घट्ट राहतं. विषाणूचं कवच ही मोठी अवघड चीज आहे. बाहेरच्या जगात ते मजबूत हवं, पण पेशीत शिरल्यावर लगेच उघडायलाही हवं. वेळेआधी उघडलं, की आतली जनुकं वाया गेली आणि विषाणू संपला. साखळी धरून ठेवली, की हे अवेळी उघडणं टळतं. दुसरी गोष्ट अशी, की अशा विषाणूला आपल्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीवर, म्हणजे ज्या रेणूला धरून तो आत शिरतो त्यावर, पकड घेणं सोपं जातं.

यातल्या पहिल्या फायद्याचा एक सुंदर पुरावा आहे. पोलिओच्या कवचातल्या एका प्रथिनात फक्त एक घटक बदलला, ९९ क्रमांकाच्या जागेवरचा, तर विषाणूची साखळीवरची पकड ढिली होते. असा विषाणू उंदराच्या पोटात नेहमीसारखाच वाढला, पण विष्ठेत बाहेर पडल्यावर मूळ विषाणूएवढा टिकला नाही. म्हणजे जिवाणूंचा आधार विषाणूला पोटाबाहेरही लागतो, एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाताना. विष्ठा म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण पोलिओच्या दृष्टीने तोच त्याचा प्रवास, आणि जिवाणूंचे अवशेष ही त्याची शिदोरी.

तिसरा फायदा २०१८ मध्ये कळला, आणि माझ्या मते सर्वांत जास्त विचार करायला लावणारा तोच आहे. सुटे विषाणू पेशींवर विखरून पडतात. एका पेशीत दोन जण एकदम शिरण्याची शक्यता कमी. पण एकाच जिवाणूवर अनेक विषाणू बसलेले असतील आणि तो जिवाणू पेशीला टेकला, तर ते सगळे एकाच दारी उतरतात. एका पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले, की त्यांच्या जनुकांची अदलाबदल होऊ शकते. एकाचं पुढचं अर्धं, दुसऱ्याचं मागचं अर्धं, आणि दोघांतले दोष गाळून एक धडधाकट विषाणू बाहेर पडतो. प्रयोगात नेमकं हेच दिसलं.

आता सुरुवातीच्या बातमीकडे परत या. तिथे सापडलेला पोलिओ तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लशीतल्या दुबळ्या विषाणूपासून पुढे बदलत गेलेला होता. लशीचं संरक्षण नसलेल्या लोकांत असा विषाणू बराच काळ फिरत राहिला, तर तो पुन्हा बळावतो, आणि बळावताना बहुतेकदा आतड्यातल्या आपल्या नातलग विषाणूंशी जनुकांची देवाणघेवाण करतो. याला उत्तर म्हणून पोलिओच्या २ क्रमांकाच्या प्रकारासाठी, म्हणजे या सांडपाण्यात सापडलेल्याच प्रकारासाठी, नवी तोंडी लस बनवली, ती जनुकीय दृष्ट्या अधिक स्थिर ठेवून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिला आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता दिली. इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. हा धोका लसीकरण अपुरं राहतं तिथेच उभा राहतो. लस घेतलेल्या समाजात या विषाणूला फिरायला फारशी जागा मिळत नाही.

नोरोव्हायरस आणि आतड्याचा पहारा

उलट्या-जुलाबांची साथ आणणारा नोरोव्हायरस दुसरीच वाट धरतो. आपल्या आतड्याच्या पेशींवर रक्तगटाशी संबंधित काही साखरेचे रेणू असतात आणि नोरोव्हायरस त्यांना धरतो. काही लोकांत जन्मतःच हे रेणू आतड्यात तयार होत नाहीत, आणि त्यांना या विषाणूच्या बऱ्याच प्रकारांची लागण सहसा होत नाही. आतड्यातल्या काही जिवाणूंच्या अंगावरही तसेच रेणू असतात, आणि २०१४ मध्ये असं दिसलं की त्या जिवाणूंमुळे विषाणूचा संसर्ग वाढतो.

पण उंदरांच्या नोरोव्हायरसवर २०१५ मध्ये झालेलं काम त्याहून बोलकं आहे. हा विषाणू उंदराच्या आतड्यात महिनोन् महिने ठाण मांडून बसतो. अँटिबायोटिक दिले, तर त्याला तसं बसता येत नाही. का? आतड्याचं अस्तर विषाणू आल्याची चाहूल लागताच इंटरफेरॉन लॅम्डा नावाचं एक रसायन सोडतं. शेजारच्या पेशींना सावध करणारी ही हाक. ज्या उंदरांना ही हाक ऐकूच येत नाही, म्हणजे ज्यांच्यात त्या रसायनाचा ग्राही नाही, त्यांच्यात अँटिबायोटिक देऊनही विषाणू ठाण मांडून राहिला. जिवाणूंच्या असण्याने आतड्याच्या पहाऱ्याचा सूरच बदलतो, आणि त्याचा लाभ विषाणू उठवतो.

इथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. २०१६ साली माणसाच्या आतड्याच्या मूळपेशींपासून भांड्यात वाढवलेल्या चिमुकल्या ऊतीवर माणसाचा नोरोव्हायरस वाढवण्यात यश आलं. त्यात जिवाणू नव्हतेच. काही प्रकारांना पित्त मात्र लागलं. मग जिवाणूंची गरज कुठे उरली? याचं उत्तर असं, की जिवाणू ही विषाणूची अट नाही, सोय आहे. शिडीशिवायही माणूस माडीवर चढू शकतो; शिडी असली तर जास्त जण आणि लवकर चढतात.

मग जुलाब लागल्यावर अँटिबायोटिक घ्याव्यात का?

नाही. आणि हे मी घाईने म्हणत नाही, कारण वरचं वाचून हा विचार कोणाच्याही मनात येईल.

हा विचार माणसांवर तपासून झालेला आहे. तोंडी पोलिओ लस काही देशांतल्या मुलांना श्रीमंत देशांतल्या मुलांपेक्षा कमी लागू पडते, हे वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकातच दाखवून दिलं होतं. त्याच वेल्लोरमध्ये काही वर्षांपूर्वी बाळांना लशीआधी तीन दिवस अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन पाहिलं. आतड्यातले रोगकारक जिवाणू कमी झाले, दाह कमी झाल्याच्या खुणा दिसल्या, पण लशीचा परिणाम वाढला नाही. उलट लस देतेवेळी ज्या बाळांच्या आतड्यात पोलिओचे दूरचे नातलग विषाणू आधीच मुक्कामाला होते, त्यांच्यात ती कमी लागू पडली. अडथळा जिवाणूंपेक्षा दुसऱ्या विषाणूंचा जास्त होता. उंदरातलं निरीक्षण माणसात जसंच्या तसं उतरत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

शिवाय सगळेच जिवाणू विषाणूला हात देतात असंही नाही. रोटाव्हायरसची गोष्ट पाहा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका प्रयोगशाळेत असे उंदीर होते, ज्यांच्या प्रतिकारयंत्रणेतला महत्त्वाचा भागच नव्हता. त्यांना रोटाव्हायरसची लागण झाली की ती कायमची. पण काही उंदरांना लागण होईचना. शोध घेता घेता कारण सापडलं ते त्यांच्या आतड्यातल्या एका धाग्यासारख्या जिवाणूत. हा जिवाणू आतड्याच्या अस्तराला नांगर टाकल्यासारखा चिकटून राहतो आणि त्यामुळे अस्तरातल्या जुन्या पेशी झडून नव्या येण्याचा वेग वाढतो. विषाणू ज्या पेशीत घर करतो, ती पेशीच गळून पडते. हे काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. जिवाणूने विषाणूला हात न लावता त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली, आणि तीही प्रतिकारयंत्रणेच्या त्या भागाच्या मदतीशिवाय.

तिसरं असं, की अँटिबायोटिकने आतडं उजाड केलेल्या उंदरांत वेस्ट नाइल, डेंगी आणि झिका या विषाणूंचा आजार अधिक तीव्र झाला. हे आतड्याचे विषाणूही नाहीत. आतड्यातले जिवाणू शरीराच्या दूरच्या भागातल्या संरक्षणालाही धार लावून ठेवत असतात. एका विषाणूची शिडी काढून घ्यायला जावं, तर दुसऱ्या तिघांसाठी दार उघडं राहतं.

आता जिवाणूंचे शिकारी

दुसऱ्या गटातल्या विषाणूंकडे, फेजकडे वळू. १९१५ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना आणि १९१७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स देरेल यांना त्यांची चाहूल लागली. देरेल आमांशाच्या रुग्णांची विष्ठा तपासत होते. ती विष्ठा इतक्या बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळली, की एकही जिवाणू पलीकडे जाऊ नये. गाळून निघालेला द्रव आमांशाच्या जिवाणूंवर टाकला. काचेच्या बशीत जिवाणूंची दाट, धूसर साय वाढलेली असते. तिच्यात जागोजागी स्वच्छ, गोल, पारदर्शक ठिपके उमटले. प्रत्येक ठिपका म्हणजे जिवाणू मरून मोकळी झालेली जागा. गाळणीतून गेलेलं काहीतरी जिवाणूंना खात होतं.

हे ‘खाणं’ जवळून पाहू. ई. कोलायवर उतरणारा टी४ नावाचा फेज चंद्रावर उतरणाऱ्या यानासारखा दिसतो. वर टोकदार डोकं, त्यात जनुकं ठासून भरलेली, खाली नळी आणि सहा लांब, सडपातळ पाय. पाय जिवाणूच्या अंगावर चाचपडतात. ओळखीचा रेणू लागला की बैठक टेकते, नळी आक्रसते, आतलं टोक जिवाणूच्या भिंतीत घुसतं आणि डोक्यातली जनुकं आत जातात. कवच रिकाम्या खोक्यासारखं बाहेरच राहतं. साधारण अर्ध्या तासात जिवाणू आतून फुटतो आणि शंभरावर नवे फेज बाहेर पडतात.

पण आतड्यातले बरेच फेज एवढी घाई करत नाहीत. ते जिवाणूत शिरून आपली जनुकं त्याच्या जनुकांत मिसळतात आणि गप्प बसतात. जिवाणू दुभागला की त्यांचीही प्रत निघते. अशा दबा धरून बसलेल्या फेजला प्रोफेज म्हणतात. जिवाणूवर काही संकट आलं, त्याच्या जनुकांना इजा झाली, की प्रोफेज जागा होतो, आपल्या प्रती काढतो आणि बुडत्या घरातून बाहेर पडतो.

बाळाच्या आतड्यात हेच आधी घडतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जन्मानंतरच्या पहिल्या विष्ठेत विषाणू जवळजवळ नव्हते. महिन्याभराने ते विपुल झाले, आणि ते मुख्यतः बाळाच्या पोटात नव्याने वस्तीला आलेल्या जिवाणूंमधून बाहेर पडलेले फेज होते. आपल्या पेशींवर हल्ला करणारे विषाणू त्यानंतर, चौथ्या महिन्याच्या सुमारास ठळकपणे दिसू लागले, आणि अंगावर पिणाऱ्या बाळांत ते कमी होते.

पटकीचं विष कोणाचं?

पटकी, म्हणजे कॉलरा, एका जिवाणूमुळे होते हे शाळेत शिकवतात. पण त्या जिवाणूचे सगळे प्रकार पटकी आणत नाहीत. जे आणतात, त्यांच्याकडे एक विष असतं, आणि त्या विषाची जनुकं जिवाणूची स्वतःची नाहीतच. ती एका धाग्यासारख्या फेजने आणून दिलेली आहेत. १९९६ मध्ये हार्वर्डच्या मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकॅलॅनोस यांनी हे दाखवलं, तेव्हा जुन्या रोगाकडे बघण्याची नजरच बदलली.

यातला एक बारकावा मला फार विलक्षण वाटतो. पटकीच्या जिवाणूला आतड्यात वस्ती करायची तर अंगावर एक खास प्रकारचे केस लागतात. ते नसतील तर तो टिकत नाही. आणि फेज आत शिरतो ते याच केसांना धरून. म्हणजे ज्या जिवाणूकडे आपल्या आतड्यात राहण्याची तयारी आहे, त्यालाच विषाची जनुकं मिळतात.

पुढे आणखी गंमत आहे. पटकीच्या रुग्णांच्या विष्ठेत त्या जिवाणूला मारणारे दुसरे फेजही सापडतात. जिवाणूंनी त्यांच्याविरुद्ध जनुकीय संरक्षण उभं केलं आहे, आणि आयसीपी१ नावाच्या फेजने ते संरक्षण कापून काढण्यासाठी क्रिस्पर हे हत्यार मिळवलं आहे. क्रिस्पर ही मुळात जिवाणूंची स्मरणशक्ती. आधी येऊन गेलेल्या फेजच्या जनुकांचे तुकडे जिवाणू जपून ठेवतो, आणि तोच फेज पुन्हा आला की त्या तुकड्यांशी ताडून त्याची जनुकं छाटतो. २००७ मध्ये दुग्धउद्योगातल्या एका जिवाणूत हे सिद्ध झालं, आणि त्यावर बेतलेल्या जनुक कापण्याच्या तंत्राला २०२० चं नोबेल मिळालं. पटकीच्या फेजने जिवाणूंचंच हत्यार उचलून त्यांच्यावर रोखलं आहे.

रक्तमिश्रित जुलाब आणणाऱ्या ई. कोलायचं शिगा विषही असंच प्रोफेजच्या जनुकांतून येतं. २०११ मध्ये जर्मनीत अशा जिवाणूची मोठी साथ आली आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. तो जिवाणू मुळात दुसऱ्या जातकुळीचा, आतड्याला घट्ट चिकटणारा. त्यात शिगा विषाचा फेज शिरला होता. आता वर सांगितलेलं आठवा, की जिवाणूच्या जनुकांना इजा झाली की प्रोफेज जागा होतो. काही अँटिबायोटिक नेमकी हीच इजा करतात. फेज जागा होतो, आणि प्रती काढता काढता विषही भरमसाट तयार होतं. म्हणूनच या संसर्गाची शंका असताना डॉक्टर अँटिबायोटिक देताना हात आखडता घेतात. रक्त पडत असताना डॉक्टर नुसतं पाणी आणि क्षार भरून काढायला सांगतात, तेव्हा नातेवाइकांना राग येतो. त्या सल्ल्यामागे हे सगळं गणित असतं.

शिकारी एवढे आहेत, तर जिवाणू उरतात कसे?

कारण शिकार सोपी नाही. आतड्यातले बॅक्टेरॉइडिस जातीचे जिवाणू आपलं साखरेचं आवरण बदलत राहतात. त्यांच्यातल्या एका प्रजातीकडे आठ वेगवेगळी आवरणं तयार करण्याची सोय आहे. फेज एका आवरणाची ओळख पटवून येईपर्यंत काही जिवाणूंनी दुसरं पांघरलेलं असतं. सगळी वस्ती एका वेळी मारली जात नाही, आणि सगळे शिकारीही उपाशी मरत नाहीत.

काही फेज तर आपल्या बाजूने उभे असल्यासारखे वागतात. आतड्याच्या अस्तरावर बुळबुळीत स्रावाचा थर असतो. काही फेजच्या कवचावर असे भाग असतात, जे या स्रावातल्या साखळ्यांना हलकेच धरतात. त्यामुळे फेज त्या थरात दाटीने राहतात, आणि थर ओलांडून अस्तराकडे येऊ पाहणाऱ्या जिवाणूला आधी त्यांची गाठ पडते. फेजला शिकार मिळते, आपल्याला पहारा.

याचा औषध म्हणून उपयोग होईल का?

होऊ लागला आहे, पण सावकाश. अँटिबायोटिकच्या माऱ्यानंतर क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू आतड्यात माजतो आणि जीवघेणे जुलाब लागतात. त्यावर निरोगी माणसाची विष्ठा प्रक्रिया करून रुग्णाच्या आतड्यात सोडणं हा उपाय चांगला लागू पडतो. सगळ्यांना वाटत होतं, गुण आहे तो त्यातल्या जिवाणूंचा. जर्मनीतल्या कील इथल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये पाच रुग्णांना विष्ठा न देता, जिवाणू गाळून उरलेला द्रव दिला. पाचही जण बरे झाले आणि निदान सहा महिने बरे राहिले. त्या द्रवात फेज होते, जिवाणूंचे तुकडे होते, त्यांनी तयार केलेली रसायनं होती. यातलं नेमकं श्रेय कोणाला द्यायचं हे पाच रुग्णांवरून ठरत नाही. पण जिवंत जिवाणूंशिवायही काम झालं, एवढं पक्कं.

दुसरीकडे २०१९ मध्ये उंदरांवर दिसलं, की आतड्यातला यकृताला घातक विष सोडणारा एक जिवाणू नेमका हेरून त्याच्यावर फेज सोडले, तर दारूमुळे होणारी यकृताची इजा कमी होते. बाकीच्या वस्तीला धक्का लागला नाही. अँटिबायोटिक म्हणजे अख्ख्या शेतावर तणनाशक फवारणं असेल, तर हे एकेक तण हाताने उपटणं. अर्थात त्यासाठी तण ओळखता आलं पाहिजे, आणि पोटापोटातली वस्ती वेगळी असल्याने एकाचा फेज दुसऱ्याला चालेलच असं नाही. त्यामुळे बाटलीत भरून सरसकट ‘पोटासाठी चांगले विषाणू’ विकू पाहणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

म्हणजे विषाणू चांगले म्हणायचे का? नुसत्या नावावरून कोणालाच चांगलं-वाईट म्हणता येत नाही, असं मी म्हणेन. न्यूयॉर्कमधल्या केन कॅडवेल यांच्या गटाने २०१४ मध्ये पूर्णपणे निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांवर काम केलं. जिवाणूंअभावी अशा उंदरांचं आतडं नीट घडलेलं नसतं, अस्तर पातळ, संरक्षक पेशी कमी. त्यांना फक्त उंदरांचा नोरोव्हायरस दिला, तर आतड्याची ही घडण बऱ्याच अंशी सुधारली. पण कॅडवेल यांच्याच आधीच्या कामात आतड्याच्या दाहाशी संबंधित एका जनुकात बिघाड असलेल्या उंदरांना त्याच कुळातल्या विषाणूने आजारी पाडलं होतं. विषाणू तोच, यजमान वेगळा.

सर्वांत जास्त असूनही कोणाला न दिसलेला

२०१४ साली काही संशोधक माणसांच्या विष्ठेतल्या जनुकांचे तुकडे संगणकावर जुळवत होते. वेगवेगळ्या माणसांच्या नमुन्यांतले तुकडे एकमेकांशी जोडता जोडता साधारण ९७ हजार अक्षरांचा एक सलग धागा तयार झाला. तो एका फेजचा होता, त्याआधी कोणी न पाहिलेला, आणि काही नमुन्यांत विषाणूंची नव्वद टक्के जनुकं त्या एकट्याची होती. जुळवणीच्या संगणकीय पद्धतीवरून त्याचं नाव क्रासफेज ठेवलं. माणसाच्या आतड्यात इतका भरून असलेला हा विषाणू शंभर वर्षं सुटला, कारण त्याचा यजमान जिवाणू प्रयोगशाळेत वाढवणं अवघड आहे. २०१८ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क इथे त्याच्या एका नातलगाला भांड्यात वाढवण्यात यश आलं. तिथे एक गोष्ट दिसली. हा फेज जिवाणूंना मारतो, पण संपवत नाही. दोघेही भांड्यात दिवसेंदिवस सोबत वाढत राहतात.

त्याने आजार होतो असं दिसलेलं नाही. पण त्याला एक काम मिळालं आहे. तो माणसाच्या विष्ठेत विपुल आणि इतर प्राण्यांच्या विष्ठेत क्वचित सापडतो. त्यामुळे नदीच्या, समुद्राच्या किंवा गटाराच्या पाण्याच्या नमुन्यात तो सापडला, तर त्या पाण्यात माणसाची घाण मिसळली आहे असं ओळखता येतं. ज्या सांडपाण्यात पोलिओचा माग काढतात, त्यात क्रासफेजही असतोच.